पोपपदाचा त्याग करणारे संत : पोप सेलेस्टीन पाचवे

१९ मे रोजी ख्रिस्तसभा पोप संत सेलेस्टीन पाचवे यांचे पुण्यस्मरण करते. ५ जुलै १२९४ रोजी त्यांची निवड झाली आणि त्याच वर्षी १३ डिसेंबरला त्यांनी स्वेच्छेने पद सोडले. सव्वापाच महिन्यांची ही कारकीर्द आहे. २०१३ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी पदत्याग केला, तेव्हा 'पोप महोदयांना असा राजीनामा देता येतो काय?' असा प्रश्न अनेक भाविकांनी आपल्या धर्मगुरूंना विचारला. त्याचे उत्तर या वृद्ध तपस्व्याच्या जीवनात सापडते. आपल्या ठाण्याच्या हुतात्म्यांशीही या इतिहासाचा एक धागा जुळलेला आहे.

डोंगरातील तपस्वी

सेलेस्टीन यांचे मूळ नाव पिएत्रो. १२१० च्या सुमारास दक्षिण इटलीतील एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बारा भावंडांत ते अकरावे. पित्याचे छत्र लवकर हरपले, तरी मातेने त्यांच्या शिक्षणाची आबाळ होऊ दिली नाही. तरुणपणी ते बेनेडिक्टाईन संन्यासी झाले. परंतु एकांताची ओढ त्यांना सुल्मोना गावाजवळील मोरोने डोंगरावर घेऊन गेली. गुहेत राहून उपवास, प्रार्थना आणि अंगमेहनत हाच त्यांचा दिनक्रम होता. हळूहळू त्यांच्याभोवती शिष्य जमले आणि एक संन्यस्त संघ उभा राहिला. पुढे हा संघ 'सेलेस्टाईन' या नावाने ओळखला गेला.

रिक्त आसन

४ एप्रिल १२९२ रोजी पोप निकोलस चौथे निधन पावले. त्यांच्यामागे उरलेल्या बारा कार्डिनलांत रोममधील ओर्सिनी आणि कोलोना या बलाढ्य घराण्यांचे तट पडले होते. सव्वादोन वर्षे लोटली, एक कार्डिनल मरण पावले, तरीही पेत्राचे आसन रिकामेच राहिले. अशा वेळी पिएत्रो यांनी कार्डिनलांना खरमरीत इशारा पाठविला : हा विलंब परमेश्वराचा कोप ओढवून घेईल. वृद्ध कार्डिनल लातिनो मालाब्रांका यांनी पेरुजा येथील सभेत त्याच तपस्व्याचे नाव सुचविले आणि सर्वांनी त्यास संमती दिली.

निवडीचा निरोप डोंगरावर पोहोचला तेव्हा पिएत्रो यांचे वय ऐंशीच्या पुढे होते. त्यांनी प्रथम नकार दिला. अखेर आज्ञापालन म्हणून होकार दिला. गाढवावर बसून ते लाक्विला नगरात आले. २९ ऑगस्ट १२९४ रोजी कोलेमाज्जिओच्या मारियामंदिरात त्यांचा राज्याभिषेक झाला. पश्चात्तापपूर्वक पापनिवेदन करून २८ ऑगस्टच्या सायंप्रार्थनेपासून २९ च्या सायंप्रार्थनेपर्यंत या मंदिरात येणाऱ्यास त्यांनी पूर्ण दंडमुक्ती जाहीर केली. गरीब-श्रीमंत सर्वांना ती सारखीच खुली होती. 'पेर्दोनान्सा' हा क्षमेचा सोहळा आजही तेथे साजरा होतो. २०२२ साली पोप फ्रान्सिस यांनी स्वतः तेथील पवित्र द्वार उघडले.

पाच महिन्यांची कारकीर्द

पावित्र्य एक आणि राज्यकारभार दुसरा, हे लवकरच दिसून आले. नेपल्सचा राजा चार्ल्स दुसरा याने भोळ्या पोपना आपल्या प्रभावाखाली घेतले. सप्टेंबरमध्ये नेमलेल्या बारा नव्या कार्डिनलांपैकी अनेक जण राजाच्या मर्जीतील होते. पोप रोमला न जाता राजाच्या नेपल्समध्ये राहिले. मागेल त्याला ते पदे देत. कधी एकच पद एकाहून अधिक जणांना मिळे. राजवाड्यात त्यांनी स्वतःसाठी लाकडी फळ्यांची झोपडी करून घेतली होती. तेथे प्रार्थनेत मन रमे, परंतु दप्तरातील घोळ वाढतच राहिला.

याच काळात इटलीतील मार्के प्रांतातील काही फ्रान्सिस्कन बंधू त्यांच्याकडे आले. कठोर दारिद्र्यव्रताच्या आग्रहापायी त्यांनी पूर्वी तुरुंगवास भोगला होता. सेलेस्टीन यांनी त्यांना आपल्या नावाच्या छत्राखाली स्वतंत्रपणे राहण्याची मुभा दिली. या गटाचे नेते आंजेलो क्लारेनो. त्यांच्याबरोबर तुरुंगवास सोसलेले आणि आर्मेनियात सेवाकार्य केलेले एक सोबती म्हणजे तोलेंतिनोचे थॉमस. एप्रिल १३२१ मध्ये याच थॉमस यांनी तीन सहकाऱ्यांसह आपल्या ठाणे येथे हौतात्म्य पत्करले. बंधू जॉर्डानुस यांनी त्यांचे अवशेष सोपारा येथे पुरले. सेलेस्टीन यांनी ज्या बंधुवर्गाला आसरा दिला, त्याच वर्तुळातील एका बंधूचे रक्त आपल्या कोकणभूमीत सांडले.

पदत्याग

आपल्या हातून ख्रिस्तसभेचे नुकसान होत आहे, ही जाणीव सेलेस्टीन यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी धर्मशास्त्रज्ञ कार्डिनलांचा सल्ला घेतला, पोपला पद सोडण्याचा अधिकार आहे असे जाहीर केले आणि १३ डिसेंबर रोजी कार्डिनलांसमोर राजीनामा वाचला. नम्रता, सदसद्विवेक, शरीराची दुर्बलता आणि ज्ञानाची उणीव ही कारणे त्यांनी स्वतःच दिली. नंतर त्यांनी पोपपदाची चिन्हे उतरवून ठेवली.

२४ डिसेंबरला बोनिफास आठवे पोप झाले. जुन्या पोपना पुढे करून कोणी ख्रिस्तसभेत फूट पाडील, अशी त्यांना भीती होती. सेलेस्टीन गुहेकडे परतू पाहत होते, समुद्रमार्गे ग्रीसला जाण्याचाही त्यांनी प्रयत्न केला. परंतु ते पकडले गेले. फुमोनेच्या किल्ल्यात नजरकैदेत असताना १९ मे १२९६ रोजी त्यांनी देह ठेवला. १३१३ साली पोप क्लेमेंट पाचवे यांनी त्यांना संत घोषित केले.

भित्रेपणा की विवेक?

कित्येकांनी या त्यागास भित्रेपणा म्हटले. ख्रिस्तसभेने मात्र त्यांना वेदीचा सन्मान दिला आणि त्यांनी मांडलेले तत्त्व आपल्या कायद्यात कायम ठेवले. १९८३ च्या धर्मसंहितेतील ३३२ व्या कलमानुसार पोपचा राजीनामा मुक्तपणे दिलेला आणि रीतसर प्रकट केलेला असावा लागतो. त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नसते. एप्रिल २००९ च्या भूकंपानंतर लाक्विला येथे गेलेल्या पोप बेनेडिक्ट यांनी सेलेस्टीन यांच्या अवशेषांवर आपला पॅलियम, म्हणजे अधिकाराचे चिन्ह असलेला लोकरीचा पट्टा, अर्पण केला. पुढे चारच वर्षांत त्यांनीही पदत्याग केला. तेव्हा अनेकांना त्या भेटीचे स्मरण झाले.

न्हावरे असो वा मुंबई, आपल्या धर्मग्रामांत, मंडळांत आणि पतपेढ्यांत पदे असतात. पद मिळाले की ते सोडवत नाही आणि काम झेपत नसले तरी खुर्ची सुटत नाही, हा अनुभव आपणा सर्वांना आहे. सेलेस्टीन यांनी आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारली नाही. मला हे जमत नाही, असे त्यांनी जगातील सर्वोच्च धर्मपीठावरून सांगितले. १९ मे रोजीच्या मिस्साबलिदानात आपण आपल्या सर्व पदाधिकाऱ्यांसाठी, आणि स्वतःसाठीही, असे धैर्य मागू या.