डिप्लोम्याचे विषय कोण ठरवते?

मुलांनो, तुमची दहावीची परीक्षा राज्य मंडळ घेते. मालेगाव असो वा मुंबई, नियम एकच. अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याचा नियम वेगळा! कॅलिफोर्नियाचेच पाहा. तेथे नववी ते बारावीत इंग्रजी व सामाजिक शास्त्रे प्रत्येकी ३ वर्षे, गणित, विज्ञान आणि शारीरिक शिक्षण प्रत्येकी २ वर्षे शिकावेच लागते. बीजगणित तर सुटतच नाही. शिवाय स्थानिक शिक्षण मंडळे आणखी विषय वाढवू शकतात. त्यामुळे गाव बदलणाऱ्या मुलांची पंचाईत होते. गुण चांगले असूनही एखादा विषय राहिला, तर डिप्लोमा अडतो. आईवडिलांपासून दूर, सरकारच्या देखरेखीखाली परक्या घरी वाढणारी मुले तर वारंवार शाळा बदलतात. अशा मुलांनी अकरावी-बारावीत शाळा बदलली, तर हे वाढीव विषय त्यांना माफ करता यावेत, असा कायदा २००९ मध्ये झाला. राज्याने ठरवलेले विषय मात्र त्यांनाही चुकत नाहीत.