रेशन मिळते, पण डाळीचे काय?

लातूरच्या आडत बाजारात तुरीचे आणि सोयाबीनचे ढीग लागतात. तिथून अहमदपूरमार्गे नांदेडला मी नेहमी जातो. पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीनच सोयाबीन. एवढे पिकते, मग घरात अन्नाची चणचण का, असे लोक मला विचारतात.

उत्तर सोपे आहे. सोयाबीनची भाकरी होत नाही. पूर्वी शेतात ज्वारी, तूर, मूग असायचे. कणगीत धान्य आणि गुरांना कडबा असे. आता पीक विकायचे आणि अन्न विकत आणायचे. म्हणजे ताटात काय पडणार, हे हातातल्या पैशावर ठरते. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता; बाजारात अनेकांना त्याहून कमीच मिळाले. त्यातून बी-खताची उधारी फेडली की उरते काय? ज्याला शेतच नाही, त्याला काढणीच्या गुत्त्याचे चार पैसे मिळतात. पुढे कितीतरी कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीला जातात.

रेशन आहे ना, असे कोणी म्हणेल. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते; २०२३ पासून ते मोफत आहे. हा मोठाच आधार आहे. पण हिशेब करा. दिवसाला माणशी साधारण १६७ ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन भाकरींपुरते धान्य. डाळ, तेल, भाजी, दूध विकतच. मराठवाड्यासह १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य मिळे. २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये ठरले, २०२४ मध्ये १७०. दिवसाला पावणेसहा रुपयेही नाहीत.

पैसा आटला म्हणून घर लगेच उपाशी राहत नाही. आधी दूध जाते, मग डाळ, मग भाजी. भाकरी आणि ठेचा उरतो. सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला तोही कमी येतो. बाहेरच्याला मात्र चूल पेटलेली दिसते.

धान्य वाटून भागत नाही, हाताला काम आणि कामाला दाम हवा, हे १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला शिकवले. १९७७ चा रोजगार हमी कायदा त्यातूनच आला. म्हणून मी म्हणतो, रेशन हवेच. पण त्याच्या जोडीला ज्येष्ठ-आषाढात गावातच काम, बाईला पुरुषाइतकी मजुरी आणि मालाला हमीभाव मिळाला, तरच घरात डाळ शिजेल. आणि ज्यांना शेत आहे, त्यांनी सोयाबीनमध्ये घरापुरत्या चार ओळी तुरीच्या जरूर पेराव्यात.

(संपादित नभोवाणी भाषण)