पालखीच्या वाटेवरचा कॅमेरा

फाल्गुनातली रात्र. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावाची सहाण, म्हणजे शिमग्यात पालखी बसते ती जागा, माणसांनी भरून गेली आहे. गावकऱ्यांनी एक नारळ जमिनीत कुठेतरी पुरून ठेवलाय आणि ग्रामदेवतेची पालखी तो शोधते आहे. याला ‘खुणा काढणे’ म्हणतात. ढोलाचा ठेका चढतो, पालखी पुढे झेपावते, गर्रकन मागे फिरते, एका जागी येऊन घुटमळते. ती कुठे वळेल हे पालखी खांद्यावर घेणाऱ्यांनाही ठाऊक नसतं, मग बाहेरून आलेल्या छायाचित्रकाराला कसं असणार?

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरच्या सणांचं छायाचित्रण अवघड आहे ते इथेच. देखावा डोळे दिपवणारा असतो, कॅमेरेही आता उत्तम मिळतात. पण काय घडणार, कधी घडणार आणि ते घडताना आपण कुठे उभं राहायचं नाही, हे गावाकडूनच शिकावं लागतं.

सुरुवात तिथीपासून होते. कोकणात शिमगा सगळीकडे एकाच दिवशी नसतो. काही गावांचा होम फाल्गुन शुद्ध त्रयोदशीला लागतो, ते ‘तेरसे शिमगे’. काहींचा पौर्णिमेला, ते ‘भद्रेचे शिमगे’. देवाची रूपं, म्हणजे मुखवटे, पालखीत कधी लागतात, पालखी सहाणेवर कधी येते, कुठल्या वाडीत कोणत्या दिवशी जाते, हे प्रत्येक गावाचं वेगळं. ही माहिती मानकऱ्यांकडे आणि गुरवाकडे असते. म्हणून जाणता छायाचित्रकार आधी त्यांना भेटतो. गाभाऱ्यात फोटो चालतील का, चपला कुठे काढायच्या, पालखीची वाट कोणती, हे तो तिथेच विचारून घेतो.

रात्रीचा उजेड ही दुसरी परीक्षा. पूर्वी मशाली आणि पेट्रोमॅक्स असत, आता एलईडीचे दिवे असतात. विजेवरचे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होत असतात, पण डोळ्यांना ते जाणवत नाही. शटरचा वेग फार वाढवला की मात्र फोटोत काळे आडवे पट्टे उमटतात. वेग सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवला की ते बहुतेक वेळा टळतात. नाचती पालखी पाचशेव्या भागात टिपली तर ती हवेत गोठते. पंधराव्या भागात, तिच्या हालचालीबरोबर कॅमेरा फिरवत टिपली, तर रूपं ओळखू येतात आणि भोवतीचे हात, फेटे, गुलाल वाहते होतात. फ्लॅशने हे सगळं सपाट होतं, आणि पालखी नाचवणाऱ्यांचे डोळे दिपतात ते वेगळंच.

शिमग्याच्या सोंगांतल्या संकासुराने तर भल्याभल्यांना फसवलं आहे. काळा पायघोळ पोशाख, उंच टोपी, पांढरी दाढी आणि मागे काळोख! कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी आहे. तो चित्र उजळ करतो आणि काळा संकासुर राखाडी होऊन बसतो. अशा वेळी एक्स्पोजर मुद्दाम उणे करावं लागतं.

सिंधुदुर्गात कार्तिकापासून जत्रा सुरू होतात आणि देवळांपुढे रात्रभर दशावतार रंगतो. मंचावर हार्मोनियम, मृदंग आणि झांजेच्या साथीने नाटक उभं राहतं. पण अनेक छायाचित्रकारांना ओढ लागते ती मंचामागच्या जागेची. तिथे नट स्वतःच स्वतःला रंगवतो. स्त्रीभूमिका पुरुष करतात. त्यामुळे अर्धा चेहरा रंगलेला, कपाळावर कुंकू, अंगात अजून बनियन, अशा रूपात माणूस आरशासमोर बसलेला दिसतो. कणकवलीचे छायाचित्रकार इंद्रजित खांबे यांनी या कलावंतांची चित्रं टिपली आहेत. ही जागा नटाची खासगी असते. तिथे शिरायचं तर आधी विचारायचं, आणि तो नको म्हणाला तर कॅमेरा खाली. अंगात वारं आलेल्या माणसालाही हाच नियम लागू. त्याच्या चेहऱ्यासमोर भिंग रोखणं गावाला खुपतं, आणि ते रास्तच आहे.

श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला भर पावसाचे दिवस असतात. मालवणच्या बंदरावर त्या दिवशी समुद्राला नारळ अर्पण होतो, नारळ लढवण्याचा खेळ रंगतो आणि पाठीमागे पाण्यात शिवरायांनी बांधलेला सिंधुदुर्ग उभा असतो. मुंबईच्या कोळीवाड्यांत सोनेरी नारळ वाजतगाजत किनाऱ्याकडे निघतो. नारळ हातातून सुटून पाण्यात पडतो त्याला दोन सेकंदही लागत नाहीत, आणि गर्दीच्या मागे उभं राहिलेल्याला पाठीच दिसतात. होडीत जागा मिळाली तर चेहरे मिळतात. मग प्रश्न उरतो यंत्राचा. खारा वारा धातूला खातो आणि दमट हवेत भिंगावर बुरशी चढते. घरी आल्यावर कॅमेरा कोरड्या कापडाने पुसून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवणं, हे किनाऱ्यावरच्या छायाचित्रकाराचं रोजचं काम.

गोव्यात पाऊस हाच सणाचा भाग. माशेलला आषाढात देवकीकृष्णाच्या देवळापुढच्या मैदानात चिखलकाला होतो. तेल लावलेली अंगं चिखलात लोळतात, खेळतात. २४ जूनला सांजांव हा ख्रिस्ती सण. डोक्यावर फुलापानांचं ‘कोपेल’ घालून तरुण विहिरींत उड्या घेतात. पाचच दिवसांनी, २९ जूनला, मच्छीमार होड्या एकमेकींना बांधून सांगोड सजवतात. विहिरीच्या काठावर चित्रासाठी पुन्हा उडी मारायला लावणारे पाहुणे इथे दिसतात. त्यातून मिळतो तो अभिनयाचा फोटो. सणाचा फोटो त्या पहिल्या उडीबरोबर निघून गेलेला असतो.

चित्र टिपल्यावरचं काम कमी दिसतं, पण मोलाचं असतं. गाव, वाडी, तिथी, देवतेचं नाव, वाद्याचं स्थानिक नाव हे सगळं त्याच रात्री लिहून ठेवलं तर वीस वर्षांनी त्या चित्राला अर्थ राहतो. नुसतं ‘कोकणातला सण’ लिहिलेलं चित्र कुठल्याच गावाचं नसतं.

शिमगा संपतो, रूपं उतरवून पेटीत ठेवली जातात, चाकरमानी मुंबईची गाडी पकडतात. फोनवर आलेले शेकडो फोटो वरखाली होत हरवून जातात. म्हणून काही छायाचित्रकार पुढच्या वर्षी त्याच गावात जाताना छापील प्रती घेऊन जातात. पालखीची ओटी भरणाऱ्या आजीला तिचा फोटो देतात, ढोलवाल्याला त्याचा. त्या वर्षी मग पालखी कुठल्या वाटेने जाणार, हे त्यांना विचारावं लागत नाही. घरातूनच कोणीतरी हाक मारून सांगतं.