पंक्तीतील एक पान

वार लावून जेवणे म्हणजे काय, हे आमच्या तरुण वाचकांस कदाचित केवळ ऐकून ठाऊक असेल. परंतु त्यांच्या आजोबा-पणजोबांपैकी कित्येकांची विद्या ह्याच अन्नावर पोसली आहे. गरीब घरचा मुलगा शिकण्यासाठी परगावी जाई, आणि सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, अशी सात घरे त्याच्या पोटाची सोय वाटून घेत. आमचे तीर्थरूप असेच शिकले. कोणत्या घरचे ताक आंबट असे आणि कोणत्या घरची आजी नको म्हणत असताही पानात आणखी एक पोळी टाकी, हे ते उतारवयातही आम्हांस सांगत.

दरवर्षी ३० सप्टेंबर उजाडला की आम्हांस ह्या सात घरांचे स्मरण होते, आणि त्याबरोबर आमच्या एका चुकीचेही.

१९९३ सालची ती पहाट आमच्या निलंगा भागात कोणीही विसरणार नाही. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन होऊन गावे दमून झोपली होती. चारला चार मिनिटे कमी असता धरणी हादरली. किल्लारी, सास्तूर व आसपासच्या गावांतील दगडमातीच्या जाड भिंतींची माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली, आणि मागे राहिली ती मुले. पुढे श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. नळदुर्गाजवळ राष्ट्र सेवा दलाच्या ‘आपलं घर’ने अनाथ मुलांस आसरा दिला. ह्या कार्यांचे मोल कोणीही कमी लेखू नये.

त्या दिवसांत आम्ही तरुण शिक्षक होतो. भूकंपानंतर दोन आठवड्यांनी एक शेतकरी आठ वर्षांच्या पुतण्यास घेऊन आमच्या दारी आला. मुलाचे आईबाप ढिगाऱ्यातून जिवंत निघाले नव्हते. चुलत्याचे स्वतःचेही घर पडले होते. “गुरुजी, दोन वर्षं लेकरू तुमच्याकडं राहू द्या. माझं बस्तान बसलं की घेऊन जाईन,” एवढेच त्याचे मागणे. आमचे घर तेव्हा चौदा माणसांचे. पंधरावे पान कोणाच्या लक्षातही आले नसते. त्या संध्याकाळी आमच्या कुटुंबाने कोणास न विचारता ते मांडलेही. मुलगा खाली मान घालून जेवला आणि आपले ताट स्वतः घासू लागला.

आम्ही मात्र विचारास आठ दिवस मागून घेतले. मुलगा आजारी पडला तर? उद्या चुलता भांडू लागला तर? कोणी पंक्तीचाही प्रश्न काढला, हे लिहिताना आज लाज वाटते. आठव्या दिवशी आमचा होकार ठरला. परंतु निरोप घेऊन गेलो तो कळले की, आदल्याच दिवशी मुलास दूरच्या एका संस्थेत पाठविले आहे. तेथे तो चांगला शिकला, असे मागाहून ऐकले. त्याचे वाईट झाले नाही. वाईट झाले ते आमचे. तीर्थरूप रात्री एवढेच म्हणाले, “अरे, मी ज्या घरी जेवलो, त्या घरांनी आठ दिवस घेतले नव्हते.”

तथापि त्या सात घरांचे औदार्यही आपल्याच ज्ञातीच्या कुंपणात होते, हेही कबूल केले पाहिजे. ते कुंपण ओलांडणारे महाराष्ट्रात झाले नाहीत असे नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह उघडले, आणि एका ब्राह्मण विधवेचा पुत्र यशवंत यास १८७४ साली दत्तक घेतले. आमच्या ज्ञातीने टाकलेले मूल त्यांनी उराशी धरले. महाभारतात कण्व मुनी शकुंतलेविषयी बोलताना जन्म देणारा, प्राण वाचविणारा व अन्न देणारा अशा तिघांसही पिता म्हणतात. त्यांत कुळाची अट नाही.

आजच्या कायद्यात ह्या अन्नदात्या पित्यास स्थान आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात प्रतिपालनाची तरतूद असून त्याचा निर्णय जिल्ह्याची बालकल्याण समिती करते. हे दत्तक नव्हे. मूल काही काळ आपल्या घरी वाढते. भावंडे शक्यतो एकत्र ठेवली जातात. जन्मदाते असतील तर त्यांस मुलाची भेट घेता येते. जी मुले नातलगांच्या आधाराने वाढतात, त्यांच्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना असून २०२३ पासून तीत दरमहा २,२५० रुपयांचे साहाय्य ठरले आहे. अशा एखाद्या आजीस अर्ज लिहून देणे, हीही सेवाच होय.

मात्र केवळ मन द्रवले म्हणून मूल घरी आणू नये. कळवळा पाण्याच्या लोंढ्यासारखा येतो व ओसरतो. मुलास भूक तर रोज लागते. वरकामास हात मिळेल, ह्या हिशेबाने तर मुळीच आणू नये. त्याच्या माणसांची निंदा त्याच्यासमोर करू नये. तो रात्री रडला तर आपल्या मायेत उणे राहिले असे मानू नये. त्याचे दुःख आपल्या घरापेक्षा जुने असते. आणि परत पाठविण्याचा दिवस आला, तर डोळे पुसून त्याची पिशवी भरून द्यावी. शकुंतलेस सासरी धाडताना कण्वांसारख्या विरक्ताचाही कंठ दाटला असे कालिदासाने दाखविले आहे. तथापि त्यांनी तिला अडवून धरले नाही.

असो. आमच्या घरची पंगत आता चार पानांवर आली आहे. गेल्या दिवाळीत मुलगा व सून यांनी लातुरास जाऊन प्रतिपालनासाठी अर्ज करण्याचा मनोदय सांगितला आणि आमचे मत पुसले. ह्या वेळी आम्ही आठ दिवस मागितले नाहीत.