घरचा फाइलसाठा

घरगुती नेटवर्क स्टोरेज, म्हणजेच ‘नॅस’, हा दोन किंवा अधिक हार्ड डिस्क बसणारा छोटा संगणक असतो. राउटरला जोडल्यावर घरातल्या सर्व संगणकांना त्यावरचा साठा वापरता येतो. मुखपृष्ठकार, छायाचित्रकार, व्हिडिओ संकलक यांच्या फाइली भराभर वाढतात, म्हणून आधी हिशेब क्षमतेचा. ८ टीबीच्या चार डिस्क ‘रेड ५’ पद्धतीने जोडल्या, तर वापरायला २४ टीबी मिळतात आणि एक डिस्क गेली तरी काम चालते. ‘रेड ६’मध्ये १६ टीबीच उरतात, पण दोन डिस्क गेल्या तरी निभावते.

गिगाबिट केबलवरून सेकंदाला सुमारे ११० एमबी जातात. १०० जीबी चित्रीकरणाला पाव तास लागतो. जुन्या वाड्याच्या जाड भिंतींपुढे वाय-फाय मार खातो, तेव्हा केबलच ओढावी.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल सगळ्याच डिस्कवरून जाते, आणि पाणी शिरले तर पेटीच जाते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, तेव्हा पुण्यात मुठेकाठच्या नारायण पेठेतही पूर शिरला होता. म्हणून नॅस तळमजल्यावर नको, आणि एक प्रत नदीपासून दूर, कोथरूडच्या नातेवाइकांकडे किंवा क्लाउडवर असावी. यूपीएसची यूएसबी वायर नॅसला जोडून ठेवावी. वीज गेल्यावर बॅटरी संपत आली की नॅस स्वतःच नीट बंद होतो.