क्लिपबोर्ड : कॉपी केलेल्या गोष्टी पाहणे आणि सांभाळणे

या पाठात आपण क्लिपबोर्ड म्हणजे काय, विंडोजमध्ये आधी कॉपी केलेल्या गोष्टी कशा पाहाव्यात आणि काम संपल्यावर त्या कशा पुसाव्यात हे पाहू.

एक उदाहरण

वाराणसीतील बनारस हिंदू विद्यापीठाची स्थापना १९१६ मध्ये झाली. तेथील केंद्रीय ग्रंथालयाला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे नाव आहे. समजा, अशा एखाद्या ग्रंथालयातील संगणकावर एक विद्यार्थिनी ‘काशीतील मराठी वास्तू’ या विषयावर प्रकल्प लिहीत आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये काशी विश्वनाथाचे मंदिर बांधले, हा आपल्या लेखातील परिच्छेद दुसरीकडे हलवण्यासाठी ती कट करते. तेवढ्यात नागपूरकर भोसल्यांच्या घाटाची माहिती दिसते आणि ती तीही कॉपी करते. आता पेस्ट केल्यावर फक्त घाटाचीच माहिती येते. मग मंदिराचा परिच्छेद कुठे गेला?

असे का होते?

कॉपी किंवा कट केलेली गोष्ट संगणक आपल्या स्मृतीत तात्पुरती ठेवतो. या जागेला क्लिपबोर्ड म्हणतात. साध्या क्लिपबोर्डवर एका वेळी एकच गोष्ट राहते. नवी आली की जुनी जाते. मात्र पेस्ट केल्याने ती जात नाही, म्हणून तोच मजकूर आपण अनेकदा पेस्ट करू शकतो. कट-कॉपी-पेस्टची ही पद्धत १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी घडवली.

जुन्या नोंदी पाहणे

२०१८ च्या अखेरीस विंडोज १० मध्ये ‘क्लिपबोर्ड हिस्टरी’ ही सोय आली. ती अशी वापरावी :

१. विंडोजची कळ दाबून ठेवून व्ही दाबा. सोय बंद असल्यास ‘टर्न ऑन’ हे बटण दिसेल, त्यावर क्लिक करा. सोय सुरू करण्यापूर्वी कॉपी केलेल्या जुन्या गोष्टी मात्र मिळणार नाहीत.
२. यापुढे तीच कळजोडी दाबली की नोंदींची यादी उघडेल. सर्वांत नवी नोंद वर असते.
३. हव्या त्या नोंदीवर क्लिक करा. ती कर्सरच्या जागी पेस्ट होईल.
४. वारंवार लागणारी नोंद ‘पिन’ करा.

यादीत जास्तीत जास्त २५ नोंदी राहतात. त्यानंतर पिन न केलेली सर्वांत जुनी नोंद निघून जाते. मजकूर आणि चित्रे यादीत येतात. एक नोंद ४ एमबीपेक्षा मोठी चालत नाही. फोल्डरमधून कॉपी केलेल्या फाइली यादीत दिसत नाहीत. संगणक पुन्हा सुरू केल्यावर पिन केलेल्या नोंदी सोडून बाकी सर्व पुसल्या जातात. लिनक्सच्या केडीई प्लाझ्मामध्ये हेच काम ‘क्लिपर’ करतो.

ही सोय आधीपासून सुरू असती, तर आपल्या विद्यार्थिनीला मंदिराचा परिच्छेद यादीतून लगेच परत मिळाला असता.

जे आपल्याला दिसते, ते इतरांनाही दिसते

आता याची दुसरी बाजू पाहू. त्याच विद्यार्थिनीने शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना बँक खात्याचा क्रमांक आणि पासवर्ड कॉपी केला, तर तेही यादीत जमा होतात. ग्रंथालयात किंवा सायबर कॅफेत सगळे एकाच लॉगिनने काम करत असतील, तर नंतर बसणाऱ्याला ते दोन कळा दाबून वाचता येतात. ब्राउझर बंद केल्याने ही यादी पुसली जात नाही. म्हणून उठण्यापूर्वी :

• यादी उघडून ‘क्लिअर ऑल’ करा.
• पिन केलेल्या नोंदी त्याने जात नाहीत. त्या एकेक करून काढा.
• सेटिंग्ज, सिस्टम, क्लिपबोर्ड या क्रमाने जाऊन इतर उपकरणांशी जोडणारा ‘सिंक’ पर्याय बंद आहे ना, ते पाहा.
• पासवर्ड कॉपी न करता हाताने टाइप करा.

सारांश

पेस्ट केल्यानंतरही कॉपी केलेली गोष्ट क्लिपबोर्डवर राहते. हिस्टरी सुरू असेल तर आधीच्या नोंदीही राहतात. त्यामुळे हरवलेला मजकूर परत मिळतो, पण खासगी माहितीही मागे राहू शकते.

स्वाध्याय

१. तीन वेगवेगळी वाक्ये कॉपी करा आणि यादीतून पहिले वाक्य पेस्ट करा.
२. एक नोंद पिन करून ‘क्लिअर ऑल’ करा. काय उरले आणि का, ते लिहा.