गाण्याचे गाव आणि त्याचे रेडिओ केंद्र

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि दरबारी गवयांचा आधार तुटला. त्यांना पुढचा आश्रय दिला तो आकाशवाणीने. हा इतिहास बहुधा दिल्ली-मुंबईच्या अंगाने लिहिला जातो. पण रेडिओने गाण्यासाठी काय केले हे पाहायचे, तर लहान गावातल्या केंद्राकडे जावे लागते, आणि त्यात धारवाडचे नाव आधी घ्यावे लागते.

8 जानेवारी 1950 रोजी धारवाड केंद्र सुरू झाले, तेव्हा हा जिल्हा मुंबई राज्यात होता. 1956च्या पुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात गेला, तरी ऐकणारे तुटले नाहीत. मध्यमलहरी रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात. त्यामुळे ‘इदु आकाशवाणी, धारवाड’ ही कानडी उद्घोषणा कृष्णाकाठच्या मराठी घरांनाही परकी नव्हती.

केंद्राचे भाग्य असे, की गाणे त्याच्या दारातच होते. कुंदगोळला सवाई गंधर्व, हुबळीला त्यांच्या शिष्या गंगूबाई हनगल, गावातच बसवराज राजगुरू. बंदे अली खाँचे शिष्य सतारिये रहिमत खाँ धारवाडलाच स्थायिक झाले होते. त्यांचे नातू बाले खाँ पुढे याच केंद्राच्या सेवेत होते. जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँचे पुत्र मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे तालीम घेतलेले मल्लिकार्जुन मन्सूर केंद्राचे संगीत सल्लागार झाले. सोलापूरच्या महाविद्यालयात कन्नड शिकवणारे कविवर्य द. रा. बेंद्रे 1956मध्ये साहित्याचे सल्लागार म्हणून आले. एवढ्या तोलाची माणसे एका छोट्या गावाच्या केंद्राशी जोडलेली असणे ही साधी गोष्ट नव्हे.

केंद्राचे खरे काम मात्र नामवंतांच्या पलीकडचे होते. पुण्याचे बा. वि. केसकर 1952 ते 1962 या काळात नभोवाणी मंत्री होते. चित्रपटगीतांना आळा घालण्याच्या त्यांच्या धोरणावर टीका झाली आणि ती रास्तही होती. पण त्यांच्याच काळात शास्त्रीय संगीताला हक्काचा वेळ मिळाला आणि ध्वनिचाचणी व श्रेणीची पद्धत पक्की झाली. तालुक्याच्या गावी शिकवण्या करणाऱ्या गायकालाही चाचणी उत्तीर्ण झाल्यावर कराराचे पत्र येऊ लागले, ठरलेले मानधन मिळू लागले. ‘बी हाय’ श्रेणी मिळाली की गावात मान वाढे आणि शिष्य येत. साथीदारांना तर महिन्याचा पगार मिळू लागला. 1940पासून 1971पर्यंत आकाशवाणीवर पेटीला मज्जाव होता. या बंदीने पेटीवाल्यांवर अन्याय केला. सारंगीला मात्र त्याच काळात रेडिओचा मोठा आधार मिळाला.

ध्वनिमुद्रणाची खोली गवयाला वेगळीच शिस्त लावी. तंबोरे जुळले, तबला लागला, मायक्रोफोनचे अंतर ठरले, की लाल दिवा लागे. समोर श्रोता नाही, दाद नाही आणि घड्याळ अर्ध्या तासाचे. मैफलीत तासभर रंगणारा ख्याल इथे आलापीपासून तानांपर्यंत तेवढ्यात बसवायचा, तोही बंदिशीचा घाट न मोडता. सभाही प्रहर पाळून असत: सकाळी तोडी-भैरवाचे प्रकार, दुपारी सारंग, रात्री बिहाग-बागेश्री. कोणत्या वेळी कोणता राग, हे कितीतरी घरांत कोणी न शिकवता, नुसत्या ऐकण्याने रुजले. जयपूर घराण्याचे अनवट राग तिकीट काढून मैफलीला जाणे न परवडणाऱ्या माणसाच्या स्वयंपाकघरात पोहोचले.

आज शास्त्रीय संगीतासाठी 26 जानेवारी 2016पासून सुरू झालेली ‘रागम्’ ही चोवीस तासांची वाहिनी आहे. मोबाईलवर हवे ते गाणे क्षणात सापडते. ऐकण्याची सोय वाढली याचा आनंदच आहे. पण दूरच्या शहरातून येणारे प्रक्षेपण पुढे सहक्षेपित करणे हे एक काम, आणि पंचक्रोशीतल्या नव्या गळ्याची चाचणी घेऊन त्याला ध्वनिमुद्रणाला बोलावणे हे दुसरे. पहिल्याने श्रोत्याची सोय होते. कलावंत घडतो तो दुसऱ्याने. पूर्णवेळ साथीदारांच्या जागा निवृत्तीनंतर रिकाम्या राहतात, तेव्हा हे दुसरे काम थांबते.

म्हणून जुन्या फितींचे जतन जितके आवश्यक, तितकेच आज धारवाडला नवे गाणे ध्वनिमुद्रित होणे आवश्यक आहे. सांगली, रत्नागिरी, जळगाव, परभणी या आपल्या केंद्रांनाही हेच लागू आहे. तिथे तबलजीची एक जागा भरली, स्थानिक गायकांना नियमित करार मिळाले, तर गाणे शिकणाऱ्या मुलांना आपल्याच गावात पुढची वाट दिसेल. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या रेडिओकडून ही अपेक्षा ठेवण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि तो आपण श्रोत्यांनीच बोलून दाखवला पाहिजे.